यकृतांतील मेद आणि कोलेस्टेरॉलचें मोजमाप

मनुष्याचा विश्वास शब्दापेक्षां आंकड्यावर लौकर बसतो. “प्रकृति ठीक दिसते,” असें डॉक्टर म्हणाले तर घरांतील वडील मंडळी आणखी दोन प्रश्न विचारतात. परंतु प्रयोगशाळेच्या छापील कागदावर आंकडा मर्यादेच्या आंत दिसला, कीं तो कागद घडी घालून कपाटांत जातो आणि विषय मिटतो. रक्त तपासून आलेल्या अशा कागदावर कोलेस्टेरॉलसंबंधीं चार-पांच आंकडे एकाखालीं एक दिलेले असतात. ते सारे सारख्याच रीतीनें मोजलेले असावेत, असा वाचणाराचा समज होणें साहजिक आहे. वस्तुस्थिति निराळी आहे. त्यांपैकीं ज्या आंकड्यावर उपचाराची सारी मदार असते, तो पुष्कळ ठिकाणीं मोजलेला नसतोच. तो वजाबाकी करून काढलेला असतो. बहुतेक माणसांच्या बाबतींत ही वजाबाकी चांगली जुळते. ज्याच्या यकृतांत मेद सांचला आहे त्याच्या बाबतींत मात्र ती चुकण्याचा संभव वाढतो, आणि चुकते तेव्हां ती बहुधा कमी बाजूला चुकते. धोका असतांना तो नाहीं असें भासविणारी ही चूक आहे. म्हणून तिचें स्वरूप घरोघरीं ठाऊक असणें अगत्याचें आहे.

कोलेस्टेरॉल या नांवांतच यकृताशीं नातें आहे. ग्रीक भाषेंत ‘कोले’ म्हणजे पित्त व ‘स्टेरेऑस’ म्हणजे घट्ट. अठराव्या शतकांत पित्ताशयांतील खड्यांमध्यें हा पांढरा, मेणासारखा पदार्थ फ्रान्समध्यें प्रथम आढळला, आणि १८१५ च्या सुमारास शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें त्याचें नामकरण केलें. हा पदार्थ शरीराचा वैरी आहे ही समजूत चुकीची आहे. पेशींच्या आवरणाला तो लागतो. पित्तांतील आम्लें, कित्येक संप्रेरकें आणि ‘ड’ जीवनसत्त्व हीं त्याच्याच घराण्यांतून निर्माण होतात. त्याच्याशिवाय जगणें अशक्य आहे. अडचण येते ती त्याच्या वाहतुकींत.

तेल पाण्यांत मिसळत नाहीं हें मुलांनाही माहीत असतें. रक्त हें मुख्यतः पाणी, आणि कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड हे दोन्ही पदार्थ स्निग्ध. म्हणून शरीर त्यांना प्रथिनांच्या सूक्ष्म गाड्यांत भरून रक्तांतून पाठवितें. यकृत हें या मालाचें मोठें कोठार होय. तेथून निघणारी गाडी मोठी असते आणि तिच्यांत ट्रायग्लिसराइड, म्हणजे साध्या भाषेंत चरबी, पुष्कळ व कोलेस्टेरॉल थोडें असतें. हिला व्ही. एल्. डी. एल्. म्हणतात. वाटेंत स्नायूंना व मेदाच्या पेशींना चरबी देत देत ही गाडी लहान होत जाते. शेवटीं जी गाडी उरते तींत प्रामुख्यानें कोलेस्टेरॉलच राहतें, तीच एल्. डी. एल्. होय. हिच्यांतील पुष्कळशा गाड्या यकृत परत ओढून घेतें. ही ओढून घेण्याची यंत्रणा शोधून काढल्याबद्दल ब्राउन व गोल्डस्टाइन या अमेरिकन संशोधकांना १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या गाड्या परत जात नाहींत त्यांपैकीं कांहीं धमनीच्या भिंतींत शिरून तेथें रुततात, आणि वर्षानुवर्षें हें चालल्यास हृदयाच्या धमन्या अरुंद होतात. एच्. डी. एल्. नांवाची तिसरी गाडी ठिकठिकाणचें जादा कोलेस्टेरॉल गोळा करून यकृताकडे आणते.

आतां मोजमापाचा इतिहास. लीबरमान व बुर्खार्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं १८८५ ते १८८९ या काळांत अशी एक प्रक्रिया दिली, कीं कांहीं तीव्र आम्लांच्या संगतींत कोलेस्टेरॉल हिरवा रंग धारण करतें. रंग जितका गडद तितका पदार्थ अधिक, हें तत्त्व धरून पुढें अनेक वर्षें रक्तांतील एकूण कोलेस्टेरॉल मोजलें जात असे. परंतु एकूण कोलेस्टेरॉल कळल्यानें तें कोणत्या गाडींत किती आहे हें कळत नाहीं. त्यासाठीं स्वीडनमध्यें स्वेडबर्ग यांनीं सिद्ध केलेलें अतिवेगानें फिरणारें यंत्र उपयोगीं पडलें. दुधावरची साय वेगळी करावी त्याप्रमाणें हें यंत्र हलक्या व जड गाड्या निरनिराळ्या थरांत वेगळ्या करतें. विसाव्या शतकाच्या मध्यास कॅलिफोर्नियांत गॉफमन यांनीं या यंत्राच्या साहाय्यानें रक्तांतील या गाड्यांची वर्गवारी केली. ही पद्धति आजही कसोटीची मानली जाते. परंतु तिला वेळ फार लागतो, यंत्र महाग पडतें, आणि प्रत्येक गांवांतील प्रयोगशाळेला तें परवडणें शक्य नाहीं.

या अडचणींतून १९७२ सालीं एक युक्ति निघाली. अमेरिकेंतील फ्रीडेवाल्ड, लेव्ही व फ्रेड्रिक्सन या तिघांनीं ४४८ व्यक्तींच्या रक्ताचा अभ्यास करून एक सूत्र प्रसिद्ध केलें. एकूण कोलेस्टेरॉल मोजावें, एच्. डी. एल्. मधील कोलेस्टेरॉल मोजावें, ट्रायग्लिसराइड मोजावें. उपाशीपोटीं घेतलेल्या रक्तांत व्ही. एल्. डी. एल्. गाडींतील चरबी ही तींतील कोलेस्टेरॉलच्या सुमारें पांचपट असते. म्हणून ट्रायग्लिसराइडला ५ नें भागिलें कीं त्या गाडींतील कोलेस्टेरॉल मिळतें. एकुणांतून एच्. डी. एल्. आणि हा भागाकार वजा केला कीं उरलें तें एल्. डी. एल्. हिशेब इतका सोपा, कीं शाळेंतील मुलानेंही करावा. या सोपेपणामुळेंच तो जगभर पसरला आणि आजही पुष्कळ प्रयोगशाळांच्या कागदावर एल्. डी. एल्. चा आंकडा याच मार्गानें येतो. सूत्र देणारांनीं त्याची मर्यादाही त्याच वेळीं सांगून ठेविली होती: ट्रायग्लिसराइड ४०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर हा हिशेब करूं नये. येथें व पुढें दिलेले सर्व आंकडे १०० मिलिलिटर रक्तद्रवांतील मिलिग्रॅमचे आहेत.

सूत्रांतील सारें बळ ‘पांचपट’ या एका शब्दांत आहे. तें गुणोत्तर बदललें कीं उत्तर बदललें. मेदयुक्त यकृत नेमकें हेंच गुणोत्तर बदलतें.

मेदयुक्त यकृत म्हणजे काय? यकृताच्या १०० पेशींपैकीं ५ किंवा अधिक पेशींत चरबी सांचली, कीं यकृत मेदयुक्त झालें असें मानतात. मद्यपानानें असें होतें हें फार पूर्वींपासून माहीत होतें. मद्याला स्पर्शही न करणाराच्या यकृतांत चरबीबरोबर दाह आढळतो, या विकाराला १९८० सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्वतंत्र नांव दिलें. २०२३ सालीं जगांतील यकृततज्ज्ञांनीं या विकाराचें नांव पुन्हां बदलून तें शरीराच्या चयापचयाशीं जोडलें. कारण पोटाचा वाढलेला घेर, मधुमेह, रक्तदाब व रक्तांतील वाढलेली चरबी यांच्याशीं त्याची मैत्री स्पष्ट झाली होती. हिंदुस्थानांतही तो इतका पसरला आहे, कीं २०२१ सालीं केंद्र सरकारनें मधुमेह, कर्करोग व हृदयविकार यांच्याविरुद्धच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत त्याचा समावेश केला. शहरांतील ज्या घरांत बसून काम करण्याचा व्यवसाय आहे, त्या घरांत पोटाच्या सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ हे दोन शब्द आतां अपरिचित राहिलेले नाहींत.

या विकारानें पछाडलेल्या माणसाचें यकृत बिघडेल एवढीच भीति लोकांना वाटते. ती भीति खोटी नाहीं. परंतु अशा रुग्णांच्या मृत्यूचीं कारणें पाहतां पहिलें स्थान यकृताचें नसून हृदयविकाराचें आहे. म्हणून ज्या रुग्णाच्या बाबतींत कोलेस्टेरॉलचा आंकडा अत्यंत बरोबर असावयास पाहिजे, त्याच रुग्णाच्या बाबतींत तो आंकडा डळमळीत असतो, असा हा चमत्कारिक प्रसंग आहे.

कारण असें. कोठारांत चरबीचा सांठा वाढला, कीं तेथून निघणाऱ्या गाड्याही अधिक मोठ्या व अधिक चरबीनें लादलेल्या निघतात. त्यांतील कोलेस्टेरॉल मात्र त्या मानानें वाढत नाहीं. म्हणजे चरबी ही कोलेस्टेरॉलच्या पांचपट न राहतां सहापट, सातपट किंवा त्याहूनही अधिक होते. सूत्र मात्र ५ नेंच भागत राहतें. भागाकार फाजील मोठा येतो, तो वजा केल्यावर बाकी लहान उरते, आणि ती लहान बाकी एल्. डी. एल्. या नांवानें छापली जाते.

उदाहरणानें हें स्पष्ट होईल. एका गृहस्थाचें एकूण कोलेस्टेरॉल १८०, एच्. डी. एल्. ३५ आणि ट्रायग्लिसराइड ३५० आहे असें धरावें. ४०० च्या मर्यादेच्या आंत हा आंकडा असल्यानें प्रयोगशाळा सूत्र लावील. ३५० ला ५ नें भागिलें कीं ७०. १८० मधून ३५ आणि ७० वजा केले कीं ७५ उरतात. ७५ हा आंकडा पाहून कोणाचेंही समाधान होईल. आतां या गृहस्थाच्या गाड्यांतील गुणोत्तर ५ ऐवजीं ७ आहे असें मानावें. ३५० ला ७ नें भागिलें कीं ५०. बाकी उरते ९५. रक्त तेंच, नळी तीच, मोजलेले तीनही आंकडे तेच. फरक फक्त भाजकाचा, आणि उत्तरांत २० मिलिग्रॅमचें अंतर. ज्याला पूर्वीं हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे व ज्याचें एल्. डी. एल्. पुष्कळ खालीं आणावयाचें आहे, त्याच्या औषधाची मात्रा वाढवावी कीं नाहीं हें एवढ्या अंतरावर ठरूं शकतें. एल्. डी. एल्. जितकें कमी आणि ट्रायग्लिसराइड जितकें अधिक, तितकी ही चूक प्रमाणानें मोठी होते.

यावर पहिला उपाय कोणतेंही नवें यंत्र न घेतां करतां येतो. एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एच्. डी. एल्. वजा करावें. वरील उदाहरणांत १८० वजा ३५, म्हणजे १४५. या आंकड्यास ‘नॉन-एच्. डी. एल्.’ कोलेस्टेरॉल म्हणतात. धमनींत रुतूं शकणाऱ्या सर्व गाड्यांतील कोलेस्टेरॉल यांत एकत्र येतें. भागाकार नाहीं, अनुमान नाहीं, आणि उपास केला नसला तरी फारसें बिघडत नाहीं. याची इष्ट मर्यादा एल्. डी. एल्. च्या इष्ट मर्यादेहून ३० नें अधिक धरतात. एकाद्याचें एल्. डी. एल्. १०० च्या खालीं असावें असें डॉक्टरांनीं ठरविलें असेल, तर त्याचें नॉन-एच्. डी. एल्. १३० च्या खालीं असावें. आपल्या गृहस्थाचें एल्. डी. एल्. ७५ म्हणजे उत्तम, परंतु नॉन-एच्. डी. एल्. १४५ म्हणजे मर्यादेबाहेर! एकाच कागदावर दोन साक्षीदार परस्परविरुद्ध साक्ष देत असतील, तर ज्यानें अनुमानानें सांगितलें त्यापेक्षां ज्यानें मोजून सांगितलें त्यावर विश्वास ठेवणें शहाणपणाचें.

दुसरा उपाय गाड्यांची संख्या मोजण्याचा आहे. मेदयुक्त यकृताच्या रुग्णांत एल्. डी. एल्. गाड्या नेहमीपेक्षां लहान व घट्ट होतात; प्रत्येकींत कोलेस्टेरॉल थोडें मावतें. बाजारांत आलेल्या धान्याची पोतीं मोजून गाड्या किती आल्या हें ठरवूं गेल्यास, लहान गाड्यांच्या दिवशीं गणित चुकणारच. धमनीच्या भिंतीला धक्का देतात त्या गाड्या. म्हणून गाडीगणिक एकच असणारी वस्तु मोजावी, जसें प्रत्येक बैलगाडीला एकच जूं असतें. व्ही. एल्. डी. एल्. व एल्. डी. एल्. यांच्या प्रत्येक कणांत ‘अपोलिपोप्रोटीन-बी’ या प्रथिनाचा एकच रेणु असतो. तें प्रथिन मोजलें कीं कणांची संख्या कळते. गाडी लहान असो कीं मोठी, चरबीनें लादलेली असो कीं रिकामी, जूं एकच. ही तपासणी मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत होते आणि तिला उपास लागत नाहीं.

तिसरा मार्ग सूत्र सुधारण्याचा. २०१३ सालीं अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत मार्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १३ लक्षांहून अधिक रक्ततपासण्यांचा अभ्यास करून ५ या ठराविक भाजकाऐवजीं १८० घरांचें एक कोष्टक सिद्ध केलें. माणसाचें ट्रायग्लिसराइड व नॉन-एच्. डी. एल्. पाहून त्याला साजेसा भाजक त्यांतून निवडावयाचा. हा भाजक सुमारें ३ पासून जवळजवळ १२ पर्यंत बदलतो. एवढी व्याप्ति पाहिली म्हणजे सर्वांना एकच ५ लावणें किती धाडसाचें होतें हें कळून येतें. २०२० सालीं सॅम्पसन व सहकाऱ्यांनीं आणखी एक समीकरण दिलें, तें ट्रायग्लिसराइड ८०० पर्यंत चालतें. हीं दोन्ही जुन्या सूत्राहून सरस आहेत. तरीही तीं अनुमानेंच. एल्. डी. एल्. प्रत्यक्ष मोजल्याचा दावा करणारीं रसायनेंही मिळतात. परंतु ट्रायग्लिसराइड फार वाढलेलें असलें कीं त्यांच्या उत्तरांतही तफावत पडते.

यकृताचा विकार पुढें गेला म्हणजे आणखी दोन फसवणुकी संभवतात. यकृत कठीण होऊन त्याची शक्ति क्षीण झाली, कीं तें कोलेस्टेरॉल कमी तयार करतें आणि रक्तांतील आंकडा आपोआप उतरतो. वर्षानुवर्षें २२० असलेला आंकडा औषधाविना १३० वर आला म्हणून पेढे वाटूं नयेत. कोठार ओस पडूं लागल्याची ती खूण असूं शकते. उलट पित्ताचा मार्ग तुंबला तर एकूण कोलेस्टेरॉल भयंकर वाढतें. परंतु त्यांतील पुष्कळसें ‘लिपोप्रोटीन-एक्स’ नांवाच्या विलक्षण कणांत असतें. सूत्र त्यालाही एल्. डी. एल्. समजतें. अशा वेळीं अपोलिपोप्रोटीन-बी खरें सांगतें, कारण त्या विलक्षण कणांत तें नसतेंच. कावीळ फार असेल तर रसायनांचाही घोटाळा होतो. हल्लींच्या पद्धतींत एन्झाइमांच्या योगानें कोलेस्टेरॉलपासून हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करून त्यापासून रंग उत्पन्न करतात. रक्तांतील पित्तरंजक या क्रियेंत लुडबूड करतो आणि उत्तर बहुधा कमी येतें. जुन्या हिरव्या रंगाच्या पद्धतींत तोच पित्तरंजक स्वतः हिरवा होऊन उत्तर वाढवीत असे. दोष एकच, दिशा मात्र उलट.

यंत्र कितीही उत्तम असलें तरी रक्त कसें घेतलें यावर निम्मी बाजी अवलंबून असते. माणूस उभा राहिला कीं रक्तांतील थोडें पाणी नसांबाहेर जातें व कोलेस्टेरॉल दाट होतें. निजल्यानें पातळ होतें. हा फरक १० टक्क्यांच्या घरांत जाऊं शकतो. म्हणून रक्त देण्यापूर्वीं पांच मिनिटें स्वस्थ बसावें. दंडाला पट्टा बांधून फार वेळ ठेवल्यानेंही आंकडा फुगतो; मिनिटाच्या आंत काम उरकावें. जेवणाचा एकूण कोलेस्टेरॉलवर फारसा परिणाम होत नाहीं, म्हणून हल्लीं सर्वांनाच उपाशी राहण्याचा आग्रह धरीत नाहींत. परंतु ट्रायग्लिसराइड मात्र जेवणानें चढतें. मेदयुक्त यकृताच्या रुग्णांत तें मुळांतच चढलेलें असल्यामुळें, आंकडा ४०० च्या आसपास आला तर रात्रभर उपाशी राहून तपासणी पुन्हां करावी. मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा हृदयविकाराचा झटका यानंतर कांहीं आठवडे कोलेस्टेरॉल खोटेंच खालीं उतरलेलें असतें. वजन झपाट्यानें उतरत असतांनाचा आंकडाही स्थिर समजूं नये. शिवाय कांहींही न बिघडतां एकाच माणसाचें कोलेस्टेरॉल दिवसादिवसांत ५-६ टक्के आणि ट्रायग्लिसराइड २० टक्के वरखालीं होतें. त्यामुळें एका कागदावरून आनंद वा शोक न करतां, कांहीं आठवड्यांच्या अंतरानें, शक्य तर त्याच प्रयोगशाळेंत, दोन वेळां मोजून सरासरी घ्यावी.

या सर्व खटाटोपाचा उपयोग उपचाराच्या निश्चयासाठीं आहे. यकृताच्या एन्झाइमांचे आंकडे थोडे वाढलेले पाहून पुष्कळ रुग्ण कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या स्टॅटिन औषधाच्या गोळ्या स्वतःच बंद करतात. यकृताला अपाय होईल ही त्यांची धास्ती असते, आणि एल्. डी. एल्. चा कमी दिसणारा आंकडा त्या धास्तीला आधार देतो. यकृततज्ज्ञांचें आजचें मत असें, कीं मेदयुक्त यकृत हें या गोळ्या टाळण्याचें कारण नव्हे; यकृत पार निकामी होऊं लागलें असेल तर मात्र निर्णय डॉक्टरांच्या विचारानेंच झाला पाहिजे. खोट्या आंकड्यानें दिलेला धीर आणि अर्धवट माहितीनें दिलेली भीति, या दोहोंच्या कात्रींत सांपडलेल्या रुग्णाचें हृदय मात्र असुरक्षित राहतें.

म्हणून ज्या घरांत हा विकार आढळला आहे तेथें पुढच्या वेळीं रक्ततपासणीचा कागद येईल, तेव्हां एल्. डी. एल्. ची ओळ वाचून थांबूं नये. प्रथम ट्रायग्लिसराइड पाहावें. तें १५० च्या वर असेल तर वजाबाकीच्या आंकड्याकडे सावधपणें पाहावें. मग पेन्सिल घेऊन एकुणांतून एच्. डी. एल्. वजा करावें आणि जें उत्तर येईल तें कागदाच्या समासांत लिहून ठेवावें. एल्. डी. एल्. मोजलें कीं हिशेबानें काढलें, आणि हिशेबानें काढलें असेल तर कोणत्या सूत्रानें, हें प्रयोगशाळेस विचारावें. विचारण्यांत संकोच नको. दोन आंकडे एकमेकांशीं जुळत नसतील तर अपोलिपोप्रोटीन-बी मोजावें कीं काय, हा प्रश्न डॉक्टरांपुढें ठेवावा. या कामाला लागते ती प्राथमिक शाळेंतील वजाबाकी, एक पेन्सिल आणि दोन मिनिटांचा वेळ.